उसनी छाती

‘‘नुसता बघू द्या. घेऊन जात नाही मी,’’ पहिलवानाची बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

एक्स-रेच्या खोलीला बाहेरच्या बाजूने एक छोटी खिडकी होती. तिच्यातून तिने अर्धा हात आत घातला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कचेरीतून आलेलं पत्र. सकाळचे साडेनऊ वाजले होते, दवाखान्याच्या व्हरांड्यात अजून झाडू फिरत होता आणि फोटोवाल्या बाईंनी जेमतेम टेबल पुसायला घेतलं होतं. टेबल त्या दोनदा पुसत. पहिल्यांदा पुसलं की फडकं पांढरं व्हायचं, दुसऱ्यांदा पुसलं की टेबल दिसायचं.

‘‘फोटो इथे नसतात गं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘खाणीचा मुकादम येतो आणि सगळ्यांचे एकदम घेऊन जातो.’’

‘‘मुकादम म्हणतो कचेरीत दिले. कचेरीतले म्हणाले दवाखान्यात जा.’’

‘‘म्हणजे मी आता तुला परत मुकादमाकडे पाठवायचं. गोल पुरा झाला.’’

बाईंनी हे हसण्यावारी नेलं, पण ती हसली नाही. तिने पत्र पुढे सरकवलं. घड्यांवर फाटत आलेलं होतं, म्हणजे बरेच वेळा उघडून झालं होतं. बाईंनी चष्मा लावला. मृताच्या छातीच्या गेल्या वर्षीच्या तपासणीत कोणताही दोष आढळलेला नाही, सबब मृत्यूचा खाणीतील कामाशी संबंध जोडता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही आणि सहीवर शिक्का.

‘‘पोरीने वाचून दाखवलं,’’ ती म्हणाली. ‘‘भरपाई नाही म्हणतात, नसू दे. मी गारगोटी फोडते, पोरगी शिकतेय, चाललंय आमचं. पण मग ते गेले कशाने, ते तरी सांगा ना कोणीतरी.’’

बाईंनी पत्राची घडी घातली. घडी घालायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

‘‘मुकादम म्हणाला होता, फोटो एकदम साफ. हेही म्हणाले, साफ आहे. मग मला वाटायला लागलं, सोंग आहे हे. एवढा मोठा गडी, सगळे पहिलवान म्हणून हाक मारायचे, आणि अंगण झाडलं तरी धापा टाकत बसायचे. मी काय काय बोलले त्यांना. आळशी म्हणाले. शेवटी शेवटी पडल्या पडल्या पाणी मागायचे, तर मी म्हणायचे, फोटो साफ आहे ना तुमचा, मग उठा आणि घ्या.’’ तिने खिडकीची चौकट धरली. ‘‘आणि ते उठायचे हो. भिंतीला धरून उठायचे आणि घ्यायचे.’’

व्हरांड्यातला झाडू आता खिडकीशी आला होता. झाडणारीने एकदा दोघींकडे पाहिलं आणि ती मुकाट्याने पुढे गेली.

‘‘म्हणून बघायचाय. खरंच साफ होता का, एवढंच.’’

‘‘दुपारी ये,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अडीच-तीनला. जुन्या कपाटात काही पडलंय का ते शोधून ठेवते.’’

ती गेली. बाई खुर्चीवर बसल्या आणि पुसलेल्या टेबलावर कोपरं टेकून तशाच बसून राहिल्या. कपाटात काही नव्हतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिलवानाच्या नावाचे चार फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने काढले होते, चारी साफ होते आणि चारीमध्ये पहिलवान नव्हता.

त्या डोंगरात गारगोटी निघते. पाच-सहा लहान लहान खाणी, प्रत्येकीचा मालक वेगळा. यंत्र म्हणाल तर भोकं पाडायचं एक आणि पाणी उपसायचा पंप एक. बाकी सगळं घणाने आणि हाताने. वर आलेली गारगोटी बायका हातोडीने फोडतात. मग ती वस्तीच्या तोंडाशी असलेल्या गिरणीत जाते आणि तिची भुकटी होते. ही भुकटी कुठेतरी लांब जाऊन तिची काच होते म्हणे. सगळी काही जात नाही. झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताटात, पोरांच्या केसांत जी राहते ती राहतेच. खाणीतलं पाणी सतत उपसल्यामुळे विहिरी तळाला गेल्या होत्या आणि तळाला जे होतं ते पांढुरकं होतं. बाई फिल्म धुवायचं पाणी फडक्याच्या तीन घड्यांतून गाळून घेत, तरी फिल्म वाळली की तिच्यावर बोट फिरवून बघायची सवय त्यांना लागली होती.

पाच वर्षांपूर्वी एकामागोमाग तीन कामगार गेले. वरून चौकशी आली. चौकशीवाल्यांनी चहा घेतला, डोंगराकडे पाहिलं आणि मालकांनी नियम केला: वर्षातून एकदा प्रत्येकाच्या छातीचा फोटो. डाग दिसला की काम बंद. नियम कामगारांच्या भल्याचा आहे असं त्यातच लिहिलं होतं. डाग असलेल्याला दुसरं काम द्या, औषधपाणी करा, असलं काही लिहिलेलं नव्हतं. घरी बसवा, एवढंच.

पहिल्या वर्षी सात जण घरी बसले. दुसऱ्या वर्षी एकाच्याही छातीत डाग निघाला नाही. तेव्हाच्या डॉक्टरांना फार बरं वाटलं. नियमामुळे लोकांत जागृती झाली, असं ते म्हणाले आणि बदली होऊन गेले.

बाईंना काय चाललंय ते कळायला दोन फोटो पुरले होते. पहिल्या फोटोत उजव्या बाजूची चौथी बरगडी पुढच्या टोकाला दुभंगलेली होती, दोन फाटे फुटलेली. जन्मजात असते अशी एखाद्याची, त्रास काही नसतो, माणसाला पत्ताही नसतो. तीन दिवसांनी दुसऱ्या नावाच्या कार्डावर तीच बरगडी आली. बाई अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ओली फिल्म धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी बाहेर डोकावून पाहिलं. बाकावर शिंपी बसला होता, सदऱ्याची बटणं लावत. आदल्या वेळीही तोच होता.

खाणीत काम न करणारा असा वस्तीत तो एकटाच धडधाकट पुरुष. कपडे शिवणारा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. अकरा जणांनी मिळून त्याची छाती उसनी घेतली होती.

बाईंनी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं, पण एक्स-रेवालीला विचारतो कोण? तिने काढायचे, धुवायचे, वाळवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. डॉक्टर दर वर्षा-दीड वर्षाने नवे. त्यांनी एकेक फोटो एकेका दिवशी पाहायचा. बरगडी त्यांच्या कशी लक्षात राहणार? आणि खरं सांगायचं तर बाईंना वाटलं होतं, आपण दहा-अकरा घरांवर उपकार करतोय. आपल्या हातून एक तरी चांगलं काम गुपचूप होतंय, असंही त्यांना कधी कधी वाटे. हे आठवून त्यांना आज बसल्या जागी शरमल्यासारखं झालं.

अकरा वाजता शिंपी आला.

‘‘आज कोण?’’ असं विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. कार्ड पाहिलं. पंपवाल्याचं होतं. खाणीतला पंप चालवणारा, वय एकेचाळीस.

‘‘वय?’’ बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

‘‘एकेचाळीस,’’ पन्नाशी उलटलेला शिंपी म्हणाला. ‘‘दिसत नाही ना? पंपापाशी फार ऊन लागतं, बाई.’’

‘‘सदरा काढा. हनुवटी वर. खांदे पुढे.’’

‘‘पाठ आहे हो मला,’’ तो म्हणाला आणि लगेच जीभ चावून गप्प झाला.

त्याची कातडी गार प्लेटला टेकली तशी तो नेहमीसारखा थोडा शहारला. बाईंनी श्वास भरून घ्यायला सांगितलं. त्याने घेतला, पण पुरता भरायच्या आतच त्याला खोकला आला. ‘‘सुताचे तंतू जातात नाकात, बाई, मशीनवर बसून बसून,’’ तो म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने श्वास नीट धरला. बाईंनी बटण दाबलं, फिल्मची कॅसेट घेऊन त्या आत गेल्या.

डेव्हलपरमध्ये फिल्म हळूहळू काळी पडू लागली. बरगड्या उमटल्या, दुभंगलेली बरगडी उमटली आणि वरच्या भागात दोन्ही बाजूंना बारीक बारीक पांढरे ठिपके उमटले. बाई स्वतःवरच चिडल्या. कॅसेटच्या आतल्या पडद्यावर धूळ बसली की फिल्मवर हुबेहूब असे ठिपके येतात आणि ह्या गावात तर धुळीला काही तोटा नाही. सकाळी टेबल दोनदा पुसलं आणि पडदा पुसायला विसरले, असं मनाशी म्हणत त्यांनी दुसरी कॅसेट उघडली, कापसाने पडदा पुसला, उजेडात तिरका धरून पाहिला, पुन्हा पुसला.

‘‘परत काढावा लागेल. धूळ आली फोटोत.’’

‘‘काढा की. आपल्याला कुठे शाळेत जायचंय?’’ शिंपी म्हणाला आणि पुन्हा प्लेटला छाती लावून उभा राहिला.

दुसरी फिल्म त्यांनी पहिलीच्या शेजारी टांगली. ठिपके तिथेच होते. एकूण एक तिथेच. पडद्यावरची धूळ दुसऱ्या कॅसेटमध्ये त्याच जागी बसत नाही.

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी असे फोटो किती काढले असतील त्याला गणती नाही. घणवाल्यांचे, भोकं पाडणाऱ्यांचे, गारगोटी फोडणाऱ्या बायकांचे. हा त्यांना समजला नाही, असं नाही, पटला नाही. त्या दोन्ही फिल्मा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी त्या फोटो बघायच्या पेटीच्या दुधी काचेवर लावून आतला दिवा लावला. शिंपी सदरा घालून निघायच्या तयारीत होता.

‘‘काय म्हणतोय पंपवाल्याचा फोटो?’’ त्याने विचारलं.

‘‘बसा जरा.’’

‘‘डाग आहे का काय? मग सांगतो त्याला. म्हणावं, बाबा, तुझं काही खरं नाही.’’

‘‘मास्तर,’’ बाई म्हणाल्या, ‘‘हा तुमचा आहे.’’

चार वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारलं नव्हतं. शिंप्याचा हात बटणावरच राहिला. तो हसला, मग हसू थांबवावं की ठेवावं हे त्याला ठरवता आलं नाही.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘दुसऱ्याच फोटोपासून.’’ बाईंनी बोट ठेवून बरगडी दाखवली. ‘‘ही बघा. हिला दोन फाटे आहेत. अशी बाकी कोणाची नाही.’’

त्याने सदऱ्यावरून स्वतःची बरगडी चाचपली. सापडली नाही बहुतेक. ‘‘आणि मी इतकी वर्षं नावं पाठ करून येतोय,’’ तो म्हणाला. ‘‘बापाचं नाव, वय, लग्न झालंय की नाही. एकदा घणवाल्याच्या बापाचं नाव आठवेना म्हणून फाटकातून परत गेलो होतो. एवढं ऊन होतं त्या दिवशी! आधी सांगायचं तरी.’’

‘‘कसं सांगणार?’’

‘‘तेही खरंच.’’

मग त्याने फोटोकडे पाहिलं. आत्तापर्यंत तो काचेच्या आजूबाजूलाच बघत होता.

‘‘पण मी खाणीत उतरलोच नाही, बाई. विसाव्या वर्षी एकदा गेलो होतो, पहिल्याच दिवशी. खाली गेलो, अंधार बघितला आणि दोर धरून जो वर आलो तो पळत घरी. अजून चिडवतात मला. घाबरट म्हणतात. लग्नकार्यात कोणी ना कोणी काढतोच तो विषय. म्हणून तर मी हो म्हटलं ह्या लोकांना. म्हटलं, आपण त्यांच्याबरोबर खाली उतरलो नाही. निदान छाती तरी द्यावी. माझी काय, पडूनच आहे.’’

‘‘दुकानात काय करता हल्ली?’’

‘‘हल्ली कपडे कोण शिवतं? सगळे तयार घेतात.’’ तो जरा अडखळला. ‘‘गिरणीची पोती शिवतो. फाटकी येतात परत, भुकटीची. उलटी करायची, झटकायची, ठिगळ लावायचं. दिवसाला तीस-चाळीस होतात.’’

‘‘कुठे झटकता?’’

‘‘दुकानातच. बाहेर झटकलं तर शेजारणी ओरडतात.’’

किती वर्षं, असं बाईंनी विचारलं आणि त्याने सहा असं बोटांनी दाखवलं. सगळ्या वस्तीची एक खात्रीची साफ छाती, तिला सहा वर्षं बंद दुकानात बसवून भुकटी खाऊ घातली होती आणि हे खाणीचं काम आहे असं कोणाच्या, अगदी त्याच्यासुद्धा, डोक्यात आलं नव्हतं.

‘‘खाणीला घाबरून पळालो,’’ शिंपी म्हणाला, ‘‘तर ती दुकानात येऊन बसली.’’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘आता बाकीच्यांचं काय करायचं? अजून नऊ जण आहेत. पुढच्या महिन्यापर्यंत सगळ्यांचे द्यायचेत.’’

बाईंना त्याचा रागच आला. ‘‘तुमचं काय करायचं ते विचारा आधी.’’

‘‘माझं काय व्हायचंय ते पहिलवानाचं बघितलंय की मी,’’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. थकलेल्या माणसाने पत्ता सांगावा तसं सांगितलं त्याने.

पहिलवानाचं नाव निघालं तसं बाईंनी सकाळची गोष्ट सांगितली. पत्रातलं वाक्य सांगितलं. ती नवऱ्याला काय म्हणायची आणि तो कसा भिंतीला धरून उठायचा, तेही सांगितलं. तुमच्या साफ छातीवर मी चार वेळा त्याचं नाव टाकलं, त्या म्हणाल्या, आणि त्याच्या बायकोला तो सोंगाडा वाटला. मला वाटत होतं मी मदत करतेय.

शिंप्याने मान खाली घातली. ‘‘बायकांना सांगायचं नाही असं ठरलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘एकीने सांगितलं की दुसरीला, मग मुकादमाला कळतं. पहिलवान तर म्हणायचा, तिला कशाला घोर? साफ आहे म्हणून सांगतो, निवांत झोपेल.’’

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बाराकडे सरकला. बाहेर बाकावर एक हात मोडलेला म्हातारा येऊन बसला होता आणि अधूनमधून खाकरत होता. बाईंनी त्याला आत घेतलं, त्याच्या मनगटाचा फोटो काढला, धुतला, त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. एवढा सगळा वेळ शिंपी कोपऱ्यातल्या बाकावर बसून पेटीच्या काचेकडे बघत होता.

‘‘हा तिला दाखवा,’’ बाई परत आल्यावर तो म्हणाला.

‘‘कोणाला?’’

‘‘वहिनीला. पहिलवानाचा म्हणून.’’

‘‘काहीतरीच काय बोलता? ह्याच्यावर पंपवाल्याचा नंबर आहे. आजची तारीख आहे.’’

‘‘मग परत काढा. तारीख तुम्हीच टाकता ना? चार वेळा त्याच्या नावावर माझी साफ छाती घातलीत. पाचव्यांदा ही घाला. खोटं तर खोटं, निदान खऱ्याच्या बाजूचं होईल.’’

बाई नाही म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. एकोणतीस वर्षांत त्यांच्या वहीत खाडाखोड नव्हती, निदान दिसण्यासारखी नव्हती. त्यापेक्षा डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगून टाकावं, असं त्यांना एकदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. दहा जण उद्यापासून घरी, शिंप्यावर फसवणुकीचा ठपका, आणि पहिलवानाचा खरा फोटो त्यातून काही बाहेर पडणार नाही, कारण तो कधी काढलाच गेला नाही. आता फोटो काढायला तो माणूसच उरलेला नाही. कितीही खरं बोललं तरी त्या बाईच्या हातात ठेवायला त्यांच्यापाशी काहीही नव्हतं.

त्यांनी वही उघडली. पाच महिन्यांमागची पानं काढली. तेव्हा पहिलवान काम सोडून घरी होता, पण हिंडत-फिरत होता आणि त्याची बायको दिवसभर गारगोटी फोडायला जात होती. एका तारखेला दोनच नोंदी होत्या, खाली जागा होती. बाईंनी पेन टेकवलं आणि उचललं. त्या आठवड्यात गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, चार दिवस वीज नव्हती. विजेशिवाय फोटो काढायला आपण काय जादूगार? पुढच्या पानावर एक मंगळवार मिळाला. तीन नोंदी, खाली दोन ओळी कोऱ्या. त्यांनी पहिलवानाचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्यांना थोडं आश्चर्य वाटलं.

मग डबीतून शिशाचे आकडे काढून त्या मंगळवारची तारीख कॅसेटवर लावली. शिंपी सदरा काढून उभा राहिला. या वेळी बाईंनी नाव पुकारलं नाही, वयही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, ‘‘घ्या श्वास.’’

फिल्म धुऊन पंख्याखाली टांगल्यावर त्या हात पुसत बाहेर आल्या.

‘‘हे शेवटचं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ह्यापुढे ज्याचं कार्ड, त्याची छाती. सांगा सगळ्यांना.’’

‘‘घरी बसतील हो सगळे.’’

‘‘बसतील. आणि गेले तर त्यांच्या बायकांना माहीत असेल, कशाने गेले.’’

शिंप्याने यावर वाद घातला नाही. पंपवाल्याला काय सांगायचं ते तो पुटपुटत जुळवत राहिला. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात यायचं आणि तुमच्या स्वतःच्या नावाचा एक काढून घ्यायचा. तो म्हणाला, मला कोण विचारतंय, मी कुठल्या खाणीच्या हजेरीवर आहे? कोणी विचारत नाही म्हणूनच काढायचा, असं बाई म्हणाल्या. बरं, म्हणाला तो. आणि पोती? पोती आता बाहेर झटकीन, ओरडू देत शेजारणींना. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्याने मान हलवली. म्हणजे त्यालाही कळलं होतं. पण पोती सोडली तर हातात दुसरं काम कुठलं, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

‘‘तुम्ही जा आता,’’ बाई म्हणाल्या.

‘‘थांबतो. वहिनी यायचीय ना. एकच वाट आहे, बरोबर जाऊ.’’

ती अडीचच्या आधीच आली. पदर नीट घेतलेला, पायावर पाणी घेऊन आली असावी, चपला ओल्या होत्या. शिंप्याला आत बघून ती जरा चपापली.

‘‘तुम्ही इथे कसे, भावजी?’’

‘‘खोकला झालाय जरा,’’ शिंपी म्हणाला.

बाईंनी तिला आत घेतलं आणि दार लोटलं. ‘‘सापडला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साफ होता तो आधीचा. हा त्याच्या नंतरचा आहे, पाच महिन्यांमागचा. पहिलवान एकटाच आला होता एक दिवस. न्यायला परत आला नाही, म्हणून इथेच राहिला.’’ सकाळपासून मनात घोळवलेलं सगळं त्यांनी एका दमात म्हणून टाकलं आणि पेटीचा दिवा लावला.

‘‘मला न सांगता आले होते?’’

‘‘तू कामावर होतीस.’’

ती पेटीजवळ गेली. काचेवर छाती होती. बाईंनी ठिपके दाखवले, इथून इथपर्यंत, ह्या बाजूला आणि ह्या बाजूला. हे सगळं पांढरं ते गारगोटीचं, म्हणाल्या. असं असलं की माणसाला काम होत नाही. उठवत नाही. सोंग नव्हतं ते. डॉक्टर आता आले की त्यांना दाखवू, ते लिहून देतील, मग ते घेऊन पुन्हा कचेरीत जा.

कचेरीचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ‘‘हात लावू?’’ तिने विचारलं.

‘‘लाव.’’

तिने पंजा पसरून फिल्मवर ठेवला. तिचा हात गारगोटी फोडून फोडून रुंद झालेला होता, नखांच्या कडा तुटलेल्या. तो हात ठेवल्यावर छातीचा बराचसा भाग झाकला गेला.

‘‘केवढीशी झाली होती छाती,’’ ती म्हणाली. ‘‘कवेत मावायची नाही, अशी होती त्यांची.’’

बाईंनी जमिनीकडे पाहिलं. बाकावर शिंपीही खाली बघत होता.

‘‘हे एवढं सगळं आत असताना दुखत असेल ना, बाई?’’

आयुष्यभर बाईंनी बाहेरून पाहिलं होतं. आत काय वाटतं हे कधी कोणाला विचारलं नव्हतं.

‘‘दुखत नाही, वहिनी,’’ शिंपी म्हणाला. ‘‘दुखत अजिबात नाही. श्वास तेवढा पुरा आत जात नाही. अर्ध्यावर कोणीतरी हात आडवा धरल्यासारखा थांबतो. मग घाबरायला होतं थोडं. पण जरा बसलं की बरं वाटतं.’’

ती वळली. ‘‘तुम्हाला सांगायचे ते?’’

‘‘सांगायचा कधी कधी. दुकानात येऊन बसायचा ना.’’

‘‘माझ्यावर रागावले होते का?’’

शिंप्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणायचा, तिचं काय चुकलं? तिला साफ म्हणून सांगितलं तर ती साफच समजणार.’’

तिने काचेवरचा हात काढला आणि पदराने डोळे पुसायच्या आधी फिल्मवर उमटलेला हाताचा ठसा पुसला, हलक्या हाताने, वरून खाली. मग ती शिंप्याच्या शेजारी बाकावर येऊन बसली. दोघंही पेटीकडे तोंड करून बसली होती. त्याला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘‘जपा हो, भावजी,’’ म्हणाली.

बाहेर तीनची रांग लागली होती, कोणीतरी खिडकीवर टकटक केली. बाईंनी आतूनच हात दाखवून थांबायला सांगितलं आणि पेटीचा दिवा तसाच चालू ठेवला.